आधीच मारलेले बोअर: झेझकाझगानचं तांबं आणि दुसरं महायुद्ध

युद्ध पेटल्यावर नव्या जागी बोअर मारायचे, तांबं शोधायचं आणि त्याच युद्धात त्याची काडतुसं करून आघाडीवर पाठवायची, हा हिशोब सहसा बसत नाही. पहिला बोअर आणि पहिला तांब्याचा गट्टू यांच्यामध्ये कित्येक वर्षं जातात. युद्ध तेवढं थांबत नाही. ते जे वापरतं ते शांततेच्या काळात कुणीतरी हट्टाने विंधून ठेवलेलं असतं. मध्य कझाकस्तानातल्या झेझकाझगानइतकं याचं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही, म्हणून हे एकच प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

तांब्याची निकड किती होती ते आधी पाहू. काडतुसाचं पितळ म्हणजे ढोबळमानाने 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. तोफगोळ्याची नळकांडी, गोळ्याच्या कमरेचा तांब्याचा पट्टा, विमानं आणि रणगाड्यांमधल्या तारा, मैलोगणती टेलिफोन, सगळं तांब्यावर. अमेरिकेसारख्या तांब्याने संपन्न देशालाही 1943 मध्ये एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडावं लागलं. अमेरिकेतल्याच ओक रिजच्या अणुप्रकल्पातल्या प्रचंड विद्युतचुंबकांना गुंडाळायला तांबं परवडेना, म्हणून सरकारी तिजोरीतली 13 हजार टनांहून जास्त चांदी उसनी घेतली. चांदी परवडते पण तांबं नाही, अशी ती वेळ होती.

सोव्हिएत संघाची अडचण याहून बिकट होती. 1941 च्या हिवाळ्यापर्यंत जो मुलूख जर्मनांच्या हाती गेला, त्यात युद्धापूर्वी देशाचं 68 टक्के कच्चं लोखंड आणि 58 टक्के पोलाद तयार होत असे. तांब्याच्या बाबतीत एक गोष्ट नशिबाची होती. मोठ्या खाणी उरल पर्वतात आणि कझाकस्तानात होत्या, शत्रूच्या रणगाड्यांच्या टप्प्याबाहेर. पण कझाकस्तानच्या मोकळ्या माळात तांबं आहे हे ठाऊक असणं वेगळं, आणि ते कुठल्या थरात, किती खोल, किती टक्के आहे हे कागदावर असणं वेगळं. झेझकाझगानच्या बाबतीत ते कागद तयार होते, आणि त्यामागे बारा-चौदा वर्षांचं भांडण होतं.

लाल थर, करडा थर

झेझकाझगानचं तांबं वालुकाश्मात आहे. नागपूरजवळच्या कामठीचा तांबूस वालुकाश्म ज्यांनी हाताळला आहे त्यांना नुसता दगड नवा वाटणार नाही. नवं आहे ते त्याचं थरांवर थर रचलेलं रूप. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बनी काळात नद्यांनी आणि उथळ पाण्याने आणून टाकलेली वाळू, 600 ते 700 मीटर जाडीची, आणि तिच्यात लाल आणि करडे थर आलटून पालटून. लाल थरांत लोखंडाचा गंज आहे, तांबं जवळपास नाही. करड्यांपैकी वीसहून अधिक थरांमध्ये तांबं आहे.

असं का? तांबं वाहून नेणारं पाणी खारट आणि प्राणवायूयुक्त होतं, लाल थरांतून ते सहज झिरपत गेलं. जिथे कुजलेला वनस्पतीचा भाग, पायराइट किंवा जमिनीखालचा तेलवायू भेटला, तिथे पाण्याची रासायनिक वृत्ती उलटली आणि विरघळलेलं तांबं गंधकाशी जुळून वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत बसलं. त्याच ठिकाणी लोखंडाचा लाल रंगही उडाला. म्हणून करडा रंग ही खूण. खनिजांची मांडणीही शिस्तीची असते: आधी कॅल्कोसाइट, मग बोर्नाइट, मग कॅल्कोपायराइट ही तांब्याची खनिजं, आणि कडेला शिशाचा गॅलिना. कोअरमध्ये, म्हणजे बोअरमधून वर काढलेल्या दगडाच्या दांड्यात, गॅलिना दिसू लागला की कसलेला माणूस ओळखतो, आपण तांब्याच्या पोटातून काठाकडे आलो.

वर आलेल्या थरांतलं तांबं लोकांनी ब्राँझयुगातच खोदून नेलं होतं. त्या जुन्या खड्ड्यांच्या रांगा माळावर दिसत होत्या आणि विसाव्या शतकातल्या शोधकांनी सुरुवात तिथूनच केली. खरी अडचणही इथूनच सुरू झाली. जुने खड्डे दिसतात तिथेच धन आहे, अशी समजूत त्यांनी पक्की करून टाकली.

वाद कशाचा होता

पहिल्या महायुद्धाआधी ही जागा ब्रिटिश भांडवलाच्या ताब्यात होती. त्यांनी कारखान्यासाठी झेझकाझगानच्या पश्चिमेला, पाण्याच्या सोयीची कारसाकपाय ही जागा निवडली. कोळसा आणखी पश्चिमेच्या बायकोनुर नावाच्या खेड्यातून आणायचा बेत होता. (1984 मध्ये राकेश शर्मा जिथून अवकाशात गेले त्या तळाला याच खेड्याचं नाव उसनं दिलं गेलं. खुद्द तळ तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे.) यंत्रसामग्री झुसाली या रेल्वे स्थानकावरून सुमारे 400 किलोमीटर माळातून ओढत आणायची होती. 1914 मध्ये युद्ध लागलं, मग क्रांती झाली, कारखाना अर्धवट पडला. सोव्हिएत राजवटीत तो पुरा होऊन 1928 मध्ये तिथे पहिलं तांबं ओतलं गेलं.

दरम्यान लेनिनग्राडच्या भूवैज्ञानिक समितीचं शोधकाम तिथे सुरू झालं होतं. तिचा अंदाज सावध होता: जुन्या खड्ड्यांभोवतीचे सुटे, छोटे ठेवे, कारसाकपायच्या छोट्या कारखान्याला काही वर्षं पुरेल एवढं तांबं. अंदाज मूर्खपणाचा नव्हता. हातात मोजके बोअर, तेही उघड्या पडलेल्या तांब्याजवळ. असलेल्या पुराव्यातून तेवढंच निघत होतं.

त्याला विरोध केला तो कानिश सात्पायेव या तरुण कझाक अभियंत्याने. बायानाउलच्या माळावर 1899 मध्ये जन्म, 1926 मध्ये टॉम्स्कच्या तंत्रज्ञान संस्थेतून खाण अभियांत्रिकीची पदवी. तिथले भूवैज्ञानिक प्राध्यापक मिखाइल उसोव प्रकृतीसाठी घोडीच्या दुधाचा कुमीस प्यायला बायानाउलला आले असताना या मुलाशी त्यांची गाठ पडली, आणि त्यांनीच त्याला खनिजांच्या वाटेला लावलं. 1929 मध्ये सात्पायेव कारसाकपायला शोध विभागाचे प्रमुख म्हणून राहायला आले. बरोबर पत्नी ताइसिया, त्याही टॉम्स्कच्याच भूवैज्ञानिक. पुढची बारा वर्षं ते तिथेच होते.

त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: तांबं खड्ड्यांना चिकटलेलं नाही, थराला चिकटलेलं आहे. थर जमिनीखाली जिथवर जातो तिथवर तांबं असण्याची शक्यता आहे, वर काही दिसो वा न दिसो. हे खरं असेल तर झेझकाझगान छोटा ठेवा नव्हे, जगातल्या मोठ्यांपैकी एक. खोटं असेल तर सरकारचा पैसा वाळूत गेला. मध्यममार्ग नव्हताच. निकाल लावायचा तर खड्ड्यांपासून लांब, जिथे वर नुसता लाल दगड आहे, तिथे बोअर मारावे लागणार होते.

कोअरच्या पेटीपाशी

शोधाचा बोअर आणि आपल्या शेतातला पाण्याचा बोअर यांत मोठा फरक आहे. पाण्याच्या बोअरला दगडाचा भुगा झाला तरी चालतं. शोधाच्या बोअरला दगड अखंड, दांड्याच्या रूपात वर हवा असतो. तो कोअर लांब, कप्प्यांच्या लाकडी पेटीत खोलीच्या क्रमाने मांडायचा, प्रत्येक ओढीनंतर मीटरचा आकडा लिहिलेली पट्टी घालायची. मग पेटी वाचायची. लाल, लाल, लाल. मग हाताच्या रुंदीत रंग पालटतो, करडा सुरू होतो. ओला केल्यावर वाळूच्या कणांमध्ये बोर्नाइटची जांभळट-निळी झाक दिसते. कॅल्कोसाइट असेल तर काजळीसारखा काळा डाग बोटाला लागतो.

नेमका हाच काळा डाग त्रासाचा. कॅल्कोसाइट मऊ. वाळूला घट्ट सिमेंट नसेल तर विंधताना बोअरमध्ये फिरणारं पाणी त्याला धुऊन नेतं आणि वर येतो तो कोअर तुटका, तांबं निघून गेलेला. प्रयोगशाळेत तपासलं तर टक्केवारी कमी दिसते. पाण्याबरोबर वर आलेला गाळ वेगळा साठवून तपासला तर उलट फसगत होऊ शकते, कारण वरच्या थरातलं ढासळलेलं तांबं खालच्या थराच्या नावावर जमा होतं. या दोन आकड्यांमधून खरा आकडा काढणं हे कौशल्याचं काम, आणि कोअर किती टक्के हाती आला याची नोंद प्रामाणिक असेल तरच जमणारं. साठा मोठा की छोटा या वादात लोक शेवटी याच नोंदींवर बोट ठेवतात.

हत्याराची गोष्टही सांगायला हवी. सोव्हिएत संघाकडे तेव्हा स्वतःचे हिरे नव्हते. याकुतियातल्या हिऱ्यांच्या खाणी 1950 च्या दशकातल्या. हिऱ्याची टोपी महाग आणि परदेशी. त्यामुळे त्या काळच्या सोव्हिएत शोधकामात पोलादी छऱ्यांचं विंधण सर्रास चाले. पोकळ नळी फिरवायची, वरून पाण्याबरोबर कडक पोलादाचे छरे सोडायचे. नळीच्या काठाखाली गरगरत ते दगड कुरतडतात. संथ काम, कोअरवर ओबडधोबड खाचा पडतात, आणि ही पद्धत उभ्या बोअरलाच नीट चालते, कारण तिरप्या भोकात छरे एका बाजूला गोळा होतात. झेझकाझगानचे थर बऱ्याच ठिकाणी मंद उताराचे, जवळजवळ आडवे. उभा बोअर त्यांना सरळ छेदतो आणि एकाच भोकात अनेक करडे थर लागतात. स्वस्त हत्यार आणि या जागेची रचना यांची गाठ बरी पडली. तांब्याच्या शिरा उभ्या असत्या तर ही पद्धत तोकडी पडली असती.

माळावर उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो आणि हिवाळ्यात उणे चाळिशीला. विंधणाला पाणी सतत लागतं, आणि तिथे नेमकी त्याचीच ओरड. हिवाळ्यात पाणी नळीत गोठलं की अख्खा बोअर हातचा जाऊ शकतो.

दुष्काळ आणि बाल्खाश

1930 ते 1933 या काळात कझाकस्तानात सक्तीचं सामूहिकीकरण आणि गुरांची जप्ती यांतून भयंकर दुष्काळ पडला. सुमारे 15 लाख माणसं मेली, त्यांतली बहुसंख्य कझाक. झेझकाझगानचे बोअर याच वर्षांत खोल होत होते. कळपच नाहीसे झालेले धनगर विंधणाच्या यंत्रावर कामाला लागत होते, कारण तिथे शिधा मिळत असे. साठ्याच्या आकड्यांच्या कथा सांगताना ही वर्षं गाळून पुढे जाण्याची सवय जुनी आहे. मला ती पटत नाही.

पैशाची ओढाताण वेगळी. 1928 मध्ये मिखाइल रुसाकोव यांनी बाल्खाश सरोवराच्या उत्तरेला कोउनरादचा ठेवा शोधला होता. तिथे तांबं अग्निजन्य खडकात, उघड्या खाणीने काढता येण्याजोगं, आणि शेजारी पाण्याने भरलेलं सरोवर. मॉस्कोतल्या कुणाही नियोजकाने आधी तोच निवडला असता, आणि तसंच झालं. बाल्खाशच्या कारखान्यातून नोव्हेंबर 1938 मध्ये तांबं निघालं. झेझकाझगानला ना रेल्वे, ना पुरेसं पाणी, ना भट्टी. त्याच्याकडे होत्या त्या फक्त कोअरच्या पेट्या.

तरी सात्पायेवांनी विंधणं थांबू दिलं नाही. खड्ड्यांपासून दूर गेलेले बोअर एकामागून एक करड्या थरात तांबं दाखवू लागले आणि वादाचा तोल हळूहळू बदलला. नोव्हेंबर 1934 मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने ‘मोठं झेझकाझगान’ या प्रश्नावर खास अधिवेशन घेतलं, आणि तिथून प्रकल्पाला शास्त्रीय वजन मिळालं. जड उद्योगाचे मंत्री सेर्गो ओर्झोनिकिद्झे यांनीही तो उचलून धरला. पुढच्या काही वर्षांत झारिक या रेल्वे स्थानकापासून झेझकाझगानपर्यंत 400 किलोमीटरहून लांब रेल्वे टाकली गेली आणि युद्धाच्या तोंडावर ती सुरू झाली.

सात्पायेवांच्या तिथल्या मुक्कामाची एक आडवाटेची गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. 1935 मध्ये उलुताउ डोंगररांगेतल्या आल्तिन-शोकी टेकडीवर त्यांना कोरीव मजकुराचा एक दगड दिसला. तैमूरलंगाने 1391 मध्ये सुवर्ण टोळीच्या तोख्तामिश खानावर स्वारी करताना तो कोरवला होता. आज तो हर्मिटाज संग्रहालयात आहे. डोकं खाली घालून दगड बघत फिरणाऱ्या माणसालाच असा दगड सापडायचा.

1941: काय हातात होतं

22 जून 1941 ला जर्मन सैन्य सोव्हिएत हद्दीत घुसलं तेव्हा झेझकाझगानची स्थिती अशी होती. साठा मोजलेला. थरांचे नकाशे तयार. खाणी चालू. रेल्वे आलेली. मोठी भट्टी मात्र नाही. ती पुढे 1971 मध्ये झाली. त्यामुळे खनिज जवळच्या कारसाकपायला आणि नव्या रेल्वेने बाल्खाशला जात होतं.

इथे क्षणभर नियोजकाच्या खुर्चीत बसून पाहा. समजा, भूवैज्ञानिक समितीचा सावध अंदाजच मान्य झाला असता. मग 1930 च्या दशकात लांबचे बोअर झाले नसते, ते नाहीत म्हणून अधिवेशन झालं नसतं, म्हणून रेल्वे आली नसती. 1941 मध्ये कुणी जागा झाला असता तरी विंधणारे तरुण आघाडीवर, पोलादी नळ्या शस्त्रकारखान्यांत, डिझेलची टंचाई. अशा अवस्थेत बोअरची जाळी पुरी करायला दोन-तीन वर्षं, खाणीचा कूपक खणायला एक-दोन वर्षं, रूळ टाकायला आणखी. तोवर बर्लिन पडलं असतं.

म्हणून युद्धातल्या विंधणाचा हेतूच बदलतो. साठा वाढवणं मागे पडतं. चालू खाणीच्या पुढच्या काही महिन्यांची सोय बघायची: या गाळ्याच्या टोकाला थर किती जाड आहे, उद्या कुठे सुरुंग लावायचा. बोअर आखूड होतात, जवळजवळ येतात, मोठे प्रश्न पुढे ढकलले जातात. यात गैर काही नाही. पण नंतरच्या पिढीला रिकामी पाटी मिळते, हेही तितकंच खरं.

सात्पायेव स्वतः 1941 मध्येच अल्मा-अताला अकादमीच्या कझाक शाखेत गेले. झेझकाझगानवरच्या त्यांच्या ग्रंथाला 1942 मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं. उरल, सायबेरिया आणि कझाकस्तानची साधनसंपत्ती युद्धासाठी जुंपणाऱ्या अकादमीच्या आयोगातही ते कामाला लागले. अध्यक्ष होते अकादमीप्रमुख व्लादिमिर कोमारोव.

मँगनीजचे 38 दिवस

या प्रकरणातली सर्वांत गाजलेली घटना तांब्याची नाही, मँगनीजची आहे. भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या वाचकाला सांगायला नको की मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. चिलखती पोलादाला तर ते हवंच. युक्रेनमधलं निकोपोल ऑगस्ट 1941 मध्ये जर्मनांच्या हाती गेलं. दुसरा मोठा साठा जॉर्जियातल्या चियातुराचा. पण जर्मनांचा रोख कॉकेशसकडेही होता, त्यामुळे तो रस्ताही भरवशाचा राहिला नव्हता. उरलमधल्या मॅग्निटोगोर्स्कच्या पोलादाच्या भट्ट्या उपाशी पडायची वेळ आली.

झेझकाझगानच्या वायव्येला झेझ्दी इथे मँगनीज आहे हे सात्पायेवांच्या मंडळींनी आधीच नोंदवून ठेवलं होतं. तेव्हा ते कुणाला नको होतं. आता तारा फिरू लागल्या. खाण 38 दिवसांत उभी राहिली असं सांगितलं जातं, आणि 12 जून 1942 ला पहिलं खनिज रवाना झालं.

सोव्हिएत गौरवगाथांमध्ये ही 38 दिवसांची गोष्ट श्रमवीरांची म्हणून येते. माझ्या मते तिच्यातला महत्त्वाचा आकडा 38 नव्हे. शोध आणि खाण यांच्यामध्ये फायलीत गेलेली वर्षं खरी महत्त्वाची. शिवाय झेझ्दीचं मँगनीज जमिनीलगत होतं, आणि झेझकाझगानपर्यंत रूळ आलेलेच होते, ते तांब्यासाठी. तांब्याच्या बोअरनी रेल्वे आणली आणि रेल्वेने मँगनीज नेलं. हा उपयोग 1934 च्या अधिवेशनातल्या कुठल्याच हिशोबात नव्हता.

अमेरिकेतल्या वाळूत

ताळा म्हणून दुसरी बाजू थोडक्यात पाहू. अमेरिकेने युद्धात तांब्याचा कमाल भाव पौंडाला 12 सेंट बांधला, आणि ठरलेल्या वाट्याहून जास्त काढलेल्या तांब्याला 1942 पासून वर 5 सेंट देऊ केले. ऑक्टोबर 1942 मध्ये बहुतेक सोन्याच्या खाणी बंद केल्या, म्हणजे माणसं आणि यंत्रं तांब्याकडे वळतील. खाणकाम येणारे हजारो सैनिक फौजेतून तात्पुरते सोडले. सरकारी खाण खातं आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण देशभर छोटे-मोठे ठेवे तपासत फिरले, नैऋत्येकडच्या लाल वालुकाश्मांतलेही.

तिथला वालुकाश्म आणि त्यातलं तांबं दिसायला झेझकाझगानचीच भावंडं. न्यू मेक्सिकोतल्या नासिमिएन्तो डोंगरात तर ओंडकेच्या ओंडके कॅल्कोसाइट होऊन पडलेले. लाकडाच्या पेशी भिंगाखाली मोजता येतात. एक ओंडका हाती आला की मोठी खाण सापडली असं वाटायचं. पण तिथलं तांबं लाकडाला चिकटलेलं, थराला नव्हे. पंधरा पावलांवर बोअर मारला तर कोरा. सात्पायेवांचा तर्क तिथे लावला असता तर तो सपशेल चुकला असता, आणि लेनिनग्राडचा सावध अंदाज बरोबर ठरला असता. नासिमिएन्तोची खुली खाण सुरू झाली ती 1970 च्या दशकात, आणि काही वर्षांतच बंद पडली.

दोन्हीकडे दगड तोच, रसायन तेच. फरक इतकाच, की तांबं अडवणारी गोष्ट सगळ्या थरात पसरलेली होती की इकडेतिकडे पडलेल्या झाडांत. खड्ड्याजवळ शंभर बोअर मारले तरी हा फरक कळत नाही. लांब, उजाड जागी मारलेले दहा पुरतात.

कुणाच्या खांद्यावर

झारिकची रेल्वे कैद्यांनी टाकली. कारागांदाच्या कैदी-छावण्यांच्या जाळ्यातली माणसं माळावर विखुरलेली होती, आणि मोठ्या झेझकाझगानची बांधकामं अंतर्गत सुरक्षा खात्याच्या देखरेखीखाली चालली. युद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर सोव्हिएत खाणींमध्ये बायका आणि कोवळी पोरं भूगर्भात उतरली. युद्ध संपल्यावर जपानी युद्धकैदी आले. 1948 मध्ये इथे राजकीय कैद्यांची खास छावणी उघडली, आणि तिच्यातल्या केंगिरच्या विभागात 1954 च्या मे-जूनमध्ये कैद्यांनी चाळीस दिवस छावणी ताब्यात ठेवली. शेवटी रणगाडे घालून ती मोडली.

भूवैज्ञानिक यश आणि हे सारं वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतं. प्रकरण म्हणून अभ्यासायचं तर दोन्ही एका पानावर घ्यावी लागतात. बोअरने सांगितलं, इथे तांबं आहे. ते वर कुणी काढायचं हे ठरवणारे लोक वेगळे होते. खुद्द सात्पायेवही त्या व्यवस्थेच्या तावडीतून सुटले नाहीत: 1946 मध्ये कझाक विज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले, 1951 मध्ये त्यांना पदावरून हटवलं, 1955 मध्ये पुन्हा बसवलं.

पुढे

आडव्या थरांतलं खनिज काढायला मोठी दालनं खोदायची आणि छत पेलायला मध्ये खनिजाचेच खांब सोडायचे, ही झेझकाझगानची पद्धत. दशकं उलटली तसे खांब थकले, काही ठिकाणी छत कोसळलं, आणि खाणीलगतच्या जुन्या वस्तीतल्या लोकांना हलवायचा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या खाणकामगारांच्या शहराला आता सात्पायेवांचं नाव आहे.

कोअरमध्ये 1930 च्या दशकात कुणी न शोधलेली एक गोष्टही होती. या तांब्यात रेनियम आहे. जेट इंजिनच्या पात्यांना लागणारा हा धातू त्या काळी प्रयोगशाळेतलं कुतूहल होता. रेनियमचं जे खनिज इथे सापडलं त्याचं वर्णन 1962 मध्ये झेझकाझगानाइट या नावाने प्रसिद्ध झालं. सात्पायेव 1964 मध्ये वारले.

जुना ठेवा उतरणीला लागल्यावर शोध आग्नेयेला शंभराहून अधिक किलोमीटरवर गेला. झामान-आयबातला तसाच वालुकाश्म, तसेच लाल-करडे थर, पण तांबं काहीशे मीटर खोल. माळावर ब्राँझयुगातला खड्डा तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. थराचा माग काढत, बोअरच्या भरवशावर तो ठेवा मोजला गेला. 2006 मध्ये तिथे झोमार्तची खाण सुरू झाली आणि खनिज रेल्वेने झेझकाझगानला येऊ लागलं.